एटीमेगा३२८पीचे पाच पाय: झिरो पीसीबीवर सप्लाय नीट जोडायचा कसा

अंडी उबवायच्या पेटीसाठी झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं पाडलेल्या तयार पट्टीवर, केलेला बोर्ड टेबलावर होता आणि त्यावरची एलईडी लुकलुकत होती. कॉम्प्युटरच्या सिरियल मॉनिटरवर त्यातली एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप आपलं नावगाव सांगत होती. एलईडी जरा मंद वाटली, पण म्हटलं असेल रेझिस्टर मोठा. मग सिरियलची केबल काढली आणि बोर्ड मेला. परत लावली, जिवंत. बारा व्होल्टचा अडॅप्टर लावलेला, बाराचे पाच करणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरच्या पायावर चोख पाच व्होल्ट, मग या केबलचा संबंध काय? त्या केबलमध्ये तर तीनच तारा होत्या: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. पाच व्होल्टची तार मी मुद्दाम कापून ठेवली होती.

शेवटी मल्टिमीटरची टोकं थेट चिपच्या ७ आणि ८ नंबरच्या पायांवर टेकवली. ३.६ व्होल्ट. ७८०५ पासून निघालेल्या तारेचा एक टाका कच्चा होता, त्यामुळे चिपपर्यंत सप्लाय पोचतच नव्हता. वीज येत होती ती सिरियलच्या तारेतून. ही तार गप्प असते तेव्हा पाच व्होल्टवर असते. चिपच्या जवळजवळ प्रत्येक इनपुट पायाला आतून संरक्षणासाठी एक डायोड व्हीसीसीकडे, म्हणजे सप्लायच्या पायाकडे, लावलेला असतो, त्यातून ती वीज आत शिरली आणि अख्खी चिप मागच्या दाराने चालू झाली.

त्या दिवसापासून बोर्ड चालतोय हा मी पुरावा मानत नाही. सप्लायच्या प्रत्येक पायावर, चिपच्या अगदी अंगाशी, मीटरने मोजलेला आकडा हाच पुरावा. पुढची सगळी पद्धत याच सवयीभोवती बेतलेली आहे.

पाय पाच, दोन नव्हेत

डिप्लोमाला ८०५१ ही मायक्रोकंट्रोलर चिप शिकलेल्यांच्या डोक्यात एक जोडी पक्की बसलेली असते: २० ला ग्राउंड, ४० ला व्हीसीसी. संपलं. तीच सवय घेऊन आपण एटीमेगाकडे येतो आणि फसतो, कारण इथे २८ पायांच्या चिपवर सप्लायशी संबंधित पाच पाय आहेत.

७ नंबर व्हीसीसी, म्हणजे मुख्य सप्लाय. ८ नंबर ग्राउंड. समोरच्या रांगेत २० नंबर एव्हीसीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग भागाचा सप्लाय. २१ नंबर एरेफ, हा मोजमापाचा संदर्भ. आणि २२ नंबर दुसरा ग्राउंड.

एव्हीसीसीबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मी एडीसी वापरतच नाही, मग तो कशाला जोडू?’ एडीसी म्हणजे व्होल्टेज मोजून आकडा देणारा चिपमधला भाग. तो वापरत नसलात तरी एव्हीसीसी जोडायचाच. पोर्ट सीचे पहिले चार पाय, म्हणजे पीसी० ते पीसी३, हे एव्हीसीसीवर चालतात. तिथे साधं बटण लावलं असलं तरी. शिवाय एव्हीसीसी आणि व्हीसीसी यांच्यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा, अशी डेटाशीटची, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाची, स्पष्ट अट आहे. तो पाय मोकळा सोडला तर चिप बऱ्याचदा चालल्यासारखी दिसते, आणि हेच वाईट. जे धड चालत नाही आणि धड बंदही पडत नाही, त्यात माणसाचे रविवार जातात.

दोन ग्राउंड आतून एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून एकच लावून भागवणारेही भेटतात. भागतंही. पण मग परतीचा सगळा करंट चिपच्या पोटातल्या बारीक वाटेने जातो आणि अ‍ॅनालॉग भागाचा शून्य हलायला लागतो. तारेच्या दीड इंच तुकड्यासाठी एवढं कशाला?

सामान

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत काउंटरवर ‘शंभर नॅनोफॅरड’ म्हणून काही मागितलं तर समोरचा क्षणभर बघत राहतो. ‘काका, पॉइंट वनचे डिस्क दहा द्या’ म्हटलं की पुडी लगेच समोर येते. त्यावर १०४ लिहिलेलं आहे ना, एवढं तिथेच पाहून घ्या. १०३ म्हणजे दहापट लहान, १०५ म्हणजे दहापट मोठा, आणि तिन्ही दिसायला सख्खे भाऊ.

चिपसाठी २८ पायांचा अरुंद बेस, म्हणजे चिप खोचायचा सॉकेट, लागतो. रुंद बेस जुन्या मेमरी चिपचा, त्यात ही चिप बसत नाही. अरुंद मिळाला नाही तर १४ पायांचे दोन बेस एकाखाली एक चिकटून लावा, काम तंतोतंत होतं. चिप थेट सोल्डर करायचा मोह टाळा. पुढची निम्मी तपासणी रिकाम्या बेसवरच करायची आहे.

याशिवाय एक ७८०५, एक १एन४००७ डायोड, १०० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक (एक २५ व्होल्टचा, एक १६ व्होल्टचा), १० मायक्रोहेन्रीचा एक छोटा इंडक्टर, दोन टोकांचा हेडर आणि त्यावर बसणारा जंपर, १०० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर, रिसेटसाठी १० किलोओहम, आणि लाल-काळी सिंगल स्ट्रँड वायर. रंग पाळा. सगळ्या तारा पिवळ्या असलेला बोर्ड दुरुस्त करायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

अडॅप्टरपासून रेलपर्यंत

अडॅप्टरच्या पॉझिटिव्हवर आधी डायोड. पट्टीचं टोक ७८०५ च्या दिशेला. यात सुमारे ०.७ व्होल्ट जातात, पण कुणी उलट पिन लावली तर बोर्ड वाचतो. बारा व्होल्टमधून एवढे गेले तर काही बिघडत नाही, कारण ७८०५ ला आउटपुटपेक्षा साधारण दोन व्होल्ट जास्त मिळाले की पुरे.

७८०५ ची छापील बाजू तुमच्याकडे असताना डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. इनपुटला २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक, आउटपुटला १६ व्होल्टचा, आणि दोन्हींच्या शेजारी एकेक १०४. इनपुटला २५ व्होल्टचाच का? जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर बारा लिहिलेलं असतं, पण लोड नसताना तो सोळा-सतरा व्होल्ट सहज दाखवतो. इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरची पट्टी मायनसची.

आता उष्णतेचा हिशोब, कारण तो करायचा कंटाळा केला की नंतर बोटं भाजतात. बारा व्होल्ट आत, पाच बाहेर, मधले सात ७८०५ गिळतो. लोड २०० मिलिअँपिअर असेल तर ७ गुणिले ०.२, म्हणजे १.४ वॅट. हीटसिंक नसलेला हा आयसी दर वॅटला साधारण ६५ अंशांनी तापतो, म्हणजे ९१ अंशांची वाढ. त्यात मे महिन्यातले ३५-४० मिळवा. आतला सिलिकॉन सव्वाशेच्या पुढे गेला. आणखी तापला की आयसी स्वतःच आउटपुट कमी करतो, थंड झाला की परत येतो, आणि तुम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसता.

उपाय दोन. हीटसिंक लावा, किंवा लोड कमी करा. रिले, म्हणजे पेटीतला बल्ब चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, पाच व्होल्टचा न घेता बारा व्होल्टचा घ्या आणि त्याला ७८०५ च्या आधीच्या रेषेवरून वीज द्या. पाच व्होल्टच्या साध्या चौकोनी रिलेची कॉइल सुमारे ७० ओहमची असते, ती ७१ मिलिअँपिअर ओढते. बारा व्होल्टवाल्याची कॉइल ४०० ओहमच्या आसपास, करंट ३० मिलिअँपिअर आणि तोही ७८०५ ला वळसा घालून. मी आता हेच करतो.

७८०५ च्या आउटपुटनंतर थेट रेल, म्हणजे सगळ्यांना वाटायची पाच व्होल्टची रेषा, सुरू करू नका. मध्ये तो दोन टोकांचा हेडर घाला. जंपर बसवला की रेल चालू, काढला की तुटली. पॉवरची एलईडी ७८०५ च्या बाजूला ठेवा, रेलच्या बाजूला नको. या जंपरचा उपयोग थोड्या वेळाने कळेल.

पंगत आणि वाढपी

तारा ओढण्याआधी १०४ कशासाठी हे कोडं सोडवू, म्हणजे तो कुठे लावायचा हे सांगावं लागणार नाही.

लग्नाच्या पंगतीत भात संपल्यावर पाहुण्याने हात वर करायचा आणि कुणीतरी मागच्या अंगणातल्या चुलीपर्यंत पळत जायचं, असं केलं तर पंगत उठेपर्यंत भात येत नाही. म्हणून प्रत्येक रांगेत एक वाढपी छोटं भांडं घेऊन उभा असतो. भांडं लहान, पण हाताशी. मोठं पातेलं मागे असतं, ते भांडी भरायला.

चिपच्या आत घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला हजारो ट्रान्झिस्टर एकदम उघडझाप करतात आणि काही नॅनोसेकंदांपुरता करंटचा घोट मागतात. दहा सेंटिमीटर तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने १०० नॅनोहेन्री धरा. पाच नॅनोसेकंदांत ५० मिलिअँपिअर मागितले तर त्या तारेतच एक व्होल्ट अडकतो. पाचाचे क्षणभर चार होतात. मीटरला हे दिसत नाही, चिपला दिसतं. १०४ म्हणजे तो वाढपी. ७८०५ जवळचा १०० मायक्रोफॅरड म्हणजे मागचं पातेलं. पातेलं कितीही मोठं केलं तरी वाढप्याचं काम ते करू शकत नाही.

आता जागा आपोआप ठरते. ७ आणि ८ शेजारी-शेजारी आहेत, एक १०४ त्या दोघांच्या मध्ये. २० आणि २२ यांच्या मध्ये दुसरा. पाय जेवढे आखूड कापता येतील तेवढे कापा. बोर्डाच्या कोपऱ्यात एका ओळीत सुंदर मांडलेले कपॅसिटर फोटोत छान दिसतात, चिपच्या उपयोगाचे नसतात.

बोर्ड उलटा करण्याआधी

या कामातली सगळ्यात महाग चूक इथे होते, म्हणून इथे थांबू.

बेसची खाच वर ठेवली की डावीकडे वरून खाली १ ते १४, उजवीकडे खालून वर १५ ते २८. समोरासमोरच्या पायांची बेरीज नेहमी २९. म्हणजे ७ च्या समोर २२, ८ च्या समोर २१, ९ च्या समोर २०. सोल्डर मात्र आपण खालच्या बाजूने करतो, आणि बोर्ड उलटा केला की डावं उजवं होतं. वरून पाहून पाठ केलेला नकाशा खालून तसाच वापरला, तर ७ ला लावायची लाल तार जाते २२ वर, आणि २२ ची काळी तार येते ७ वर. चिपच्या ग्राउंडला पाच व्होल्ट, व्हीसीसीला शून्य. सप्लाय सरळसरळ उलटा. आतले सगळे डायोड एकदम वाहू लागतात आणि चिप चटका देते.

गंमत अशी, की चिप बेसमध्ये उलटी बसवली, म्हणजे खाच खाली गेली, तर इतकं वाईट होत नाही. तेव्हा प्रत्येक पाय १४ ने सरकतो. ८ जातो २२ च्या जागी आणि २२ येतो ८ च्या जागी. दोन्ही ग्राउंडच! ७ नंबरचा व्हीसीसी जातो एरेफच्या जागी, तिथे फक्त कपॅसिटर असतो. म्हणून उलटी बसलेली ही चिप बऱ्याचदा वाचते. माझ्या हातून दोनदा बसली आहे, दोन्ही वेळा वाचली. आरशातली चूक मात्र एकदाच केली आणि ती चिप अजून पेनस्टँडमध्ये आहे.

म्हणून सोल्डर करण्याआधी बोर्डाच्या खालच्या बाजूवर, बेसच्या १ नंबर पायाशेजारी, परमनंट मार्करने ठिपका द्या. मग ७, ८, २०, २१, २२ हे पाच आकडे त्यांच्या टाक्यांशेजारी लिहा. पाच मिनिटं जातात.

तारा, याच क्रमाने

आधी ग्राउंड. ७८०५ च्या मधल्या पायापासून जाड काळी तार थेट ८ वर. ८ पासून बेसच्या खालून आडवी, आखूड तार २२ वर. रिलेच्या ट्रान्झिस्टरचा ग्राउंड या साखळीत घालू नका, त्याला ७८०५ पासून वेगळी काळी तार द्या. हे का, ते मी पैसे मोजून शिकलो आहे.

उबवणीच्या पेटीत तापमान ३७.५ अंशांवर ठेवायचं असतं. एलएम३५ हा सेन्सर ते मोजणार, रिले बल्ब लावणार. माझ्या पहिल्या बोर्डात ग्राउंडची तार ७८०५ पासून चिपला, चिपपासून पुढे रिलेला आणि तिथूनच एलएम३५ ला गेली होती. पेटी साडेसदतीसजवळ आली की रिले टकटक-टकटक करायला लागायचा, पालीसारखा. रिलेचे ७१ मिलिअँपिअर त्या सामाईक तारेतून परत येत होते. तार आणि दोन सुमार टाके मिळून ०.०५ ओहम रोध सहज होतो. गुणाकार केला की साडेतीन मिलिव्होल्ट. एलएम३५ एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे रिले लागल्याबरोबर तापमान तिसऱ्या हिश्शाच्या अंशाने वाढलेलं दिसे. चिप रिले बंद करी, करंट थांबे, तापमान पुन्हा कमी दिसे, रिले पुन्हा लागे. प्रोग्रॅम अगदी बरोबर होता. एलएम३५ चा ग्राउंड २२ वर आणला आणि रिलेचा वेगळा केला, टकटक थांबली.

तर सेन्सरचे ग्राउंड २२ जवळ, मोटर-रिलेचे थेट ७८०५ जवळ, आणि भेट एकाच ठिकाणी.

मग लाल. जंपरपासून ७ वर. ७ पासून इंडक्टरमधून २० वर. हा इंडक्टर रेझिस्टरसारखाच दिसतो, १० मायक्रोहेन्रीवर तपकिरी-काळा-काळा असे पट्टे असतात. मिळाला नाही तर सरळ तार लावा, फार काही बिघडणार नाही. त्याच्या जागी हाताला लागलेला एक किलोओहमचा रेझिस्टर मात्र लावू नका. पोर्ट सीवर एखादी एलईडी लागली की ०.३ व्होल्टची अट तिथेच मोडते.

आता २१, एरेफ. याला पाच व्होल्टची तार लावायची नाही. ‘बाकी सगळ्यांना दिलं, याला का नको’ या हिशोबाने अनेक आकृत्यांत तो रेलला बांधलेला दिसतो. प्रोग्रॅममध्ये तुम्ही आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडला, की तो आणि बाहेरचे पाच व्होल्ट एकाच पायावर भांडतात. बाहेरून व्होल्टेज लावलेलं असताना आतला संदर्भ वापरू नये, असं डेटाशीट सांगते. एरेफवरून ग्राउंडला फक्त एक १०४. संदर्भ म्हणून एव्हीसीसी हवा असेल तर तो जोड चिप आतल्या आत करते. एलएम३५ साठी १.१ व्होल्टचा संदर्भच चांगला, कारण ३७.५ अंशांना त्याचे ३७५ मिलिव्होल्टच होतात आणि एडीसीची एक पायरी ४.८८ ऐवजी सुमारे १.०७ मिलिव्होल्टची मिळते.

शेवटी १ नंबर, रिसेट, १० किलोओहममधून पाच व्होल्टला. हा सप्लायचा पाय नाही, पण मोकळा सोडला तर ट्यूबलाइट लावली तरी बोर्ड रिसेट होतो आणि आळ सप्लायवर येतो.

रिकाम्या बेसवर

चिप अजून पुडीतच. जंपर काढलेला. अडॅप्टर लावलेला नाही, आणि रिलेच्या पलीकडची २३० व्होल्टची बाजू तर या सगळ्या मोजणीत भिंतीपासून सुटलेलीच हवी.

मीटर कंटिन्युइटीवर. ८ ते २२ बीप हवा. ८ ते ७ बीप नको. इथे मीटर क्षणभर ‘पिप’ करून गप्प बसला तर घाबरू नका, कपॅसिटर भरत असतो. सलग वाजला तर शॉर्ट आहे. झिरो पीसीबीवर तो बहुधा ७ आणि ८ यांच्या मध्ये सोल्डरच्या केसाएवढ्या धाग्याने झालेला असतो. बोर्ड ट्यूबलाइटसमोर धरून आरपार पाहा, दिसतो.

मग जंपर बसवा, अडॅप्टर लावा आणि व्होल्टेज मोजा. काळं टोक बेसच्या ८ वर, लाल ७ वर: ४.८ ते ५.२ च्या मध्ये. आता काळं टोक २२ वर, लाल २० वर: तेवढंच. २१ वर शून्याच्या आसपास. काळं टोक अडॅप्टरच्या तारेवर किंवा ७८०५ च्या टॅबवर ठेवून मोजू नका. तसं केलं तर फक्त लाल बाजू तपासली जाते, ग्राउंडचा कच्चा टाका लपून राहतो. चिपला जे दोन पाय दिसतात त्यांच्यामध्येच मोजायचं.

चिप आत

अडॅप्टर काढा. जंपरच्या जागी तो १०० ओहमचा रेझिस्टर हेडरच्या दोन टोकांना लावा. चिपचे पाय टेबलावर हलके दाबून सरळ करा, खाच खाचेला जुळवा, बसवा, वाकून बेसबाहेर गेलेला पाय नाही ना बघा. सिरियलची केबल आणि प्रोग्रॅमर दोन्ही दूर. मागचं दार बंद असू द्या.

अडॅप्टर लावा आणि त्या रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. १०० ओहमवर प्रत्येक ०.१ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. नवी कोरी चिप आतल्या १ मेगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे आकडा अगदी लहान येतो. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि प्रोग्रॅम असलेली चिप दहा मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे एखादा व्होल्ट. जवळजवळ पूर्ण पाच व्होल्ट रेझिस्टरवरच पडले असतील तर काहीतरी उलटं आहे. पण त्या अवस्थेतही करंट ५० मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही आणि रेझिस्टरवर पाव वॅट पडतो, तो बरोबर पाव वॅटचाच आहे. दीड रुपयात मिळालेला पहारेकरी. ठीक असेल तर तो काढा आणि जंपर लावा.

एडीसीचा प्रोग्रॅम चालू झाल्यावर २१ वर पुन्हा मीटर लावा. एव्हीसीसी संदर्भ निवडला असेल तर पाच, आतला निवडला असेल तर १.१ च्या जवळ. चिपने तुमचं ऐकलं की नाही, ते या एका पायावर वाचता येतं.

प्रोग्रॅमर जोडताना एक खबरदारी. बाजारातले बरेचसे युएसबी प्रोग्रॅमर स्वतःही पाच व्होल्ट देतात. बोर्डाचा सप्लाय चालू असताना ती तार लावू नका, दोघांपैकी एकाचीच वीज असू द्या. प्रोग्रॅमर ‘सिग्नेचर जुळत नाही’ म्हणाला (सिग्नेचर म्हणजे चिपच्या आतला ओळख क्रमांक) तर आधी २० आणि २२ मोजा, मग प्रोग्रॅमरला शिव्या घाला. मिळालेली सिग्नेचर १ई ९५ १४ असेल तर मात्र सप्लाय ठीक आहे. दुकानदाराने शेवटचा ‘पी’ नसलेली चिप दिली आहे, ‘पी’वालीची १ई ९५ ०एफ असते.

वीज डुगडुगते तेव्हा

गावाकडे शेजारच्या विहिरीवरची मोटर लागली की दिवे मान टाकतात, आणि पेटीतला बोर्ड मधेच अडकून बसतो. रिले लागलेलाच, बल्ब चालूच. अंडी उकडतात.

१६ मेगाहर्ट्झला या चिपला किमान ३.७८ व्होल्ट हवेत. त्याखाली ती बंद पडत नाही, चुका करते. यावर आत उपाय आहे, ब्राउन-आउट नावाचा. ठरलेल्या पातळीखाली व्होल्टेज गेलं की चिप स्वतःला रिसेटमध्ये धरून ठेवते आणि तिचे सगळे पाय इनपुट होतात. मग रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायावरून ग्राउंडला १० किलोओहम असेल तर रिलेही सुटतो. कारखान्यातून चिप येते तेव्हा ही सोय बंद असते. याच चिपवर चालणाऱ्या आर्डुइनो उनो बोर्डात ती २.७ व्होल्टवर ठेवलेली असते, म्हणजे ३.७८ पासून २.७ पर्यंतचा उतार मोकळाच राहतो. या बोर्डासाठी मी विस्तारित फ्यूज, म्हणजे प्रोग्रॅमरने बदलायची चिपमधली एक सेटिंग, ०एक्सएफसी ठेवतो, पातळी ४.३ व्होल्ट. मोबाइलच्या चार्जरवर लांब, बारीक केबलने चालवणार असाल तर ४.३ जड जाईल, कारण तिथे पाचाचे साडेचार झालेले असतात. त्यापेक्षा केबल बदला.

३.३ व्होल्टच्या वाटेला गेलात तर

पद्धत तीच, सापळे वेगळे. पहिला सापळा १११७ या रेग्युलेटरचा. ७८०५ च्या सवयीने त्याला जोडलं तर गेलाच, कारण याचे पाय डावीकडून ग्राउंड, आउटपुट, इनपुट असे आहेत आणि पाठीमागचा टॅब आउटपुटला जोडलेला आहे. ७८०५ चा टॅब ग्राउंड असतो म्हणून आपण तो बिनधास्त पत्र्याच्या डब्याला स्क्रूने आवळतो. इथे तसं केलं आणि डबा ग्राउंडला असला, तर आउटपुट थेट शॉर्ट.

दुसरं, पायांची संख्या. निळ्या छोट्या बोर्डांवर असते ती एसटीएम३२एफ१०३ ची ४८ पायांची चिप घ्या. तिच्यात २४, ३६ आणि ४८ हे व्हीडीडी (सप्लाय), त्यांच्या शेजारचेच २३, ३५ आणि ४७ हे व्हीएसएस (ग्राउंड), ९ आणि ८ ही अ‍ॅनालॉगची जोडी, आणि १ नंबर बॅटरीचा. चार जोड्या, चार वाढपी, एक पातेलं. बॅटरी लावणार नसाल तर १ नंबर मोकळा न सोडता व्हीडीडीला जोडा. एटीमेगावर आरशातली चूक एक चिप खाते, इथे चारही बाजूंना पाय असल्याने मी खालच्या बाजूचा नकाशा आधी कागदावर उलटा छापून घेतो.

तिसरा सापळा नावाचा. काही चिपांवर व्हीकॅप असा पाय दिसतो, एसटीएम३२एफ४०७ वर असे दोन आहेत. नाव सप्लायसारखं, पण तो बाहेर येणारा सप्लाय आहे. आतला रेग्युलेटर गाभ्यासाठी कमी व्होल्टेज तयार करतो आणि त्याला टेकू म्हणून बाहेर कपॅसिटर मागतो, या चिपला प्रत्येकी २.२ मायक्रोफॅरड. त्या पायाला ३.३ व्होल्टची तार लावली तर आतला गाभा जळतो. तिथे कपॅसिटर ग्राउंडला, आणि दुसरं काहीही नाही.